एकट्याने प्रवासाला निघताना



वार्षिक परीक्षा आटोपली, की पुष्कळ घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. "आता मोठा झालास. या सुट्टीत मामाकडे एकटा जाशील का?" आठवी-नववीतल्या मुलामुलींना हा प्रश्न ऐकून आनंद होतो आणि पोटात थोडा गोळाही येतो. मग घरातील सर्वजण सूचना देऊ लागतात. चालत्या गाडीत चढू नको. अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नको. पाणी पीत जा. रुळांवरून जाऊ नको.

या सूचना खऱ्या आहेत. परंतु त्यांच्यामागची कारणे सहसा कोणी सांगत नाही. कारण ठाऊक नसलेली सूचना घाईच्या वेळी विसरली जाते. कारण समजले, की ती सूचना राहत नाही, आपले स्वतःचे ज्ञान होते. म्हणून आज आपण खानदेशातील एक साधा प्रवास घेऊ आणि त्यातील धोक्यांमागचे विज्ञान पाहू.

समजा, तुम्हाला धुळ्याहून जळगावला जावयाचे आहे. एस.टी.ने गेलात तर पारोळा, एरंडोल या मार्गाने जाल. रेल्वेने जावयाचे तर आधी धुळे-चाळीसगाव या शाखेने चाळीसगावला यावे लागेल. तेथे गाडी बदलून मुंबई-भुसावळ या मुख्य मार्गावरून पाचोरा, परधाडे, माहेजी, म्हसावद, शिरसोली ही स्थानके मागे टाकीत जळगाव गाठावे लागेल. अंतर फार मोठे नाही. पण एकट्याने जाताना एक मोठा फरक पडतो.

फरक कोणता?

घरच्या मंडळींबरोबर प्रवास करताना आपल्याजवळ एकाहून अधिक डोकी असतात. एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा असतो. एकाने चूक केली तर दुसरा हटकतो. एकट्याच्या प्रवासात हे दुसरे डोके नसते. त्यातच आणखी एक अडचण आहे. भीती, गर्दीचा गोंगाट, थकवा आणि ऊन यांचा परिणाम विचार करण्याच्या शक्तीवरच होतो. म्हणजे ज्या वेळी नीट विचार करण्याची सर्वांत अधिक गरज असते, नेमकी त्याच वेळी ती शक्ती कमी पडते.

यावर उपाय एकच. महत्त्वाचे निर्णय शांत डोक्याने, घरीच करून ठेवावयाचे. विमानाचे वैमानिक उड्डाणापूर्वी एक यादी वाचून एकेक गोष्ट तपासतात. त्यांना विमान चालविता येत नाही म्हणून नव्हे, तर घाईत माणूस विसरतो हे त्यांना ठाऊक असते म्हणून! आपणही तसेच करू.

परधाडे येथील दुर्घटना

वर सांगितलेल्या मार्गावरच २२ जानेवारी २०२५ रोजी संध्याकाळी एक भयंकर अपघात झाला. लखनौहून मुंबईकडे जाणारी पुष्पक एक्सप्रेस जळगाव जिल्ह्यात माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान होती. डब्यात आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली आणि गाडी थांबली. घाबरलेले काही प्रवासी खाली उतरून शेजारच्या रुळांवर आले. त्याच वेळी त्या रुळांवरून उलट दिशेने बंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्सप्रेस आली. तिच्या चालकाने ब्रेक लावले. परंतु तेथे मार्गाला वळण होते आणि गाडी वेळेत थांबू शकली नाही. किमान १२ प्रवासी मृत्युमुखी पडले.

या प्रवाशांना दोष देणे सोपे आहे. पण ते योग्य नव्हे. 'आग' हा शब्द कानी पडल्यावर कोणीही धावेल. आपण त्यांच्याजागी असतो तर काय केले असते, हे विचारण्यापेक्षा आपल्याला आधीपासून काय ठाऊक असावयास हवे, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

गाडी लगेच का थांबत नाही?

समजा, एखादी गाडी ताशी १०८ किलोमीटर वेगाने धावत आहे. म्हणजे ती एका सेकंदात ३० मीटर जाते. चालकाने जोराने ब्रेक लावले आणि गाडीचा वेग दर सेकंदाला ०.६ मीटरने कमी होऊ लागला असे मानू. तर गाडी थांबण्यास ३० भागिले ०.६, म्हणजे ५० सेकंद लागतील. या काळात तिचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर असेल. म्हणून थांबेपर्यंत ती ५० × १५ = ७५० मीटर, म्हणजे पाऊण किलोमीटर पुढे गेलेली असेल!

मोटारीचे रबरी चाक डांबरी रस्त्याला चांगले धरून ठेवते. रेल्वेचे पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते. त्यांच्यातील घर्षण त्यामानाने फार थोडे असते. म्हणूनच एक इंजिन एवढी मोठी गाडी सहज ओढू शकते, आणि म्हणूनच ती गाडी चटकन थांबू शकत नाही. फायदा आणि तोटा एकाच गोष्टीत आहेत.

आता वळणाचा विचार करा. वळणावर चालकाला पाऊण किलोमीटर पुढचे दिसलेच नाही, तर त्याच्या हातात काय उरते? त्याने माणूस पाहिला त्या क्षणीच उशीर झालेला असतो.

डोळे आणि कान कसे फसवितात?

"पण समोरून येणारी गाडी माणसाला दिसते ना? मग तो बाजूला का होत नाही?" असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर मोठे मजेदार आणि तितकेच भयानक आहे.

सुमारे सव्वाचार मीटर उंचीचे इंजिन ४८० मीटर अंतरावरून जवळपास अर्ध्या अंशाएवढे दिसते. पौर्णिमेचा चंद्रही आपल्याला साधारण तेवढाच दिसतो. अंतर निम्मे झाले, की वस्तू दुप्पट मोठी दिसते. गाडीचा वेग सेकंदाला ३० मीटर असेल, तर ४८० मीटरचे २४० मीटर होण्यास ८ सेकंद लागतील. म्हणजे पहिले ८ सेकंद गाडी जणू जागच्या जागी हळूहळू फुगते आहे असे वाटते. पुढे ती १२० मीटरवर येण्यास ४ सेकंद, ६० मीटरवर येण्यास २ सेकंद आणि ३० मीटरवर येण्यास १ सेकंद पुरतो. त्यानंतर उरतो तो शेवटचा एक सेकंद! पहिला अर्धा वेळ 'अजून लांब आहे' असे वाटण्यात जातो आणि मग ती एकदम अंगावर येते. गाडीचा वेग मात्र सर्व वेळ सारखाच होता.

कानांवरही विसंबता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या गाडीचा आवाज आणि माणसांचा आरडाओरडा यांत दुसऱ्या गाडीचा आवाज बुडून जातो. कानात इअरफोन असेल तर बोलावयासच नको.

यातून पहिला निर्णय निघतो : रूळ रिकामा दिसला तरी तो रिकामा मानावयाचा नाही. रूळ ओलांडावयाचे ते पादचारी पुलावरून किंवा भुयारी मार्गानेच.

धूर दिसला तर?

धूर दिसला किंवा जळका वास आला म्हणजे डब्याला आग लागली, असे नेहमीच नसते. हजार टन वजनाची गाडी सेकंदाला ३० मीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे ४५ कोटी ज्यूल भरते. ही ऊर्जा पाण्याला दिली, तर साध्या तापमानाचे सुमारे दीड हजार लिटर पाणी उकळू लागेल. गाडी थांबविताना या ऊर्जेची बरीचशी उष्णता ब्रेक आणि चाके यांच्यात निर्माण होते. एखादा ब्रेक चाकाला घट्ट चिकटून राहिला, तर तेथे ठिणग्या, धूर आणि वास येऊ शकतो.

म्हणून धूर ही पळ काढण्याची नव्हे, तर पाहण्याची आणि कळविण्याची खूण आहे. धूर डब्याच्या आत आहे की बाहेर चाकाजवळ, हे पहा. तिकीट तपासनीस किंवा रेल्वेचा कर्मचारी दिसत असेल त्याला सांगा. डब्यात खरोखरच आग दिसत असेल, तर प्रथम डब्याडब्यांना जोडणाऱ्या वाटेने धुरापासून दूरच्या डब्यात जा. सामान घेत बसू नका. गरम धूर वर जातो, म्हणून वाकून चाला आणि नाकातोंडाला कापड लावा. आगीसारख्या खऱ्या संकटात साखळी ओढणे योग्यच आहे. विनाकारण ओढणे मात्र गुन्हा आहे.

खाली उतरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर गाडी पूर्ण थांबल्यावर, ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूने उतरा. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाड्या साधारणतः डाव्या रुळाने धावतात. त्यामुळे गाडीच्या दिशेकडे तोंड केल्यास दुसरा रूळ बहुधा उजवीकडे असतो. पण हा नियम डोळे मिटून पाळू नका. जळगाव-भुसावळ टप्प्यात आता दोनाहून अधिक रूळ आहेत. म्हणून दुसरा निर्णय : आधी पाहावयाचे, मग उतरावयाचे, आणि उतरल्यावर सर्व रुळांपासून दूर जावयाचे.

चालती गाडी आणि न्यूटनचा नियम

चाळीसगावला गाडी बदलताना घाई होते. समोरची गाडी हलू लागलेली असते. "हळूच तर आहे!" असे मनात येते.

ताशी १५ किलोमीटर हा वेग सायकलीचा आहे. तरीही गाडी त्या वेगाने सेकंदाला ४ मीटरपेक्षा अधिक पुढे जाते. उतरताना तुमचे शरीरही तेवढ्याच वेगाने पुढे चाललेले असते. पाय फलाटाला लागताच घर्षणामुळे तो थांबतो; पण जडत्वामुळे धड पुढेच जाते आणि माणूस तोंडघशी पडतो. चढताना याच्या उलट होते. हात दांड्याबरोबर पुढे ओढले जातात आणि पाय मागे राहतात. गाडी आणि फलाट यांच्यामधील फट नेमकी तेथेच असते. पाठीवर दप्तर असेल तर तोल आणखी लवकर जातो.

तिसरा निर्णय : गाडी हलली, की ती आपली राहिली नाही. पुढची गाडी मिळते. घरी फोन करून उशीर होईल असे सांगितले, की काम भागले.

खानदेशचे ऊन आणि न दिसणारा घाम

मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतो. आपल्या शरीराचे तापमान असते सुमारे ३७ अंश आणि त्वचेचे त्याहून थोडे कमी. उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. त्यामुळे एरवी शरीर हवेला उष्णता देते. पण अशा दुपारी हवाच शरीराला उष्णता देऊ लागते. मग थंड होण्याचा एकच मार्ग उरतो. तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन.

नुसते बसून असलेले शरीरही साधारण १०० वॅटच्या दिव्याएवढी उष्णता निर्माण करते. तासाभरात ती सुमारे ८६,००० कॅलरी होते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. भागाकार करा. केवळ स्वतःची उष्णता बाहेर टाकण्यास तासाला सुमारे १५० ग्रॅम घाम हवा. त्यात उन्हाची, तापलेल्या पत्र्याची आणि खिडकीतून येणाऱ्या झळांची उष्णता मिळवा. मग घाम कित्येक पटींनी अधिक लागतो.

कोकणातील हवा दमट. तेथे घाम निथळताना दिसतो. खानदेशातील उन्हाळ्याची हवा कोरडी. येथे घाम येतो आणि दिसण्यापूर्वीच उडून जातो. "मला तर घामच आला नाही," असे म्हणणाऱ्याच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग पहा! पाणी गेलेले असते, फक्त ते दिसलेले नसते. तहानही उशिराच लागते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून थोडे थोडे पाणी प्यावे. लघवीचा रंग गडद पिवळा झाला, तर शरीर पाणी मागत आहे असे समजावे.

घामाबरोबर मीठही जाते. कैरीचे पन्हे हे आपल्या आजीबाईंचे औषध याच कारणाने शास्त्रशुद्ध आहे. त्यात पाणी, साखर आणि मीठ तिन्ही असतात. घरी जीवनजल करावयाचे असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. मीठ अधिक घालू नये. खिशातल्या कांद्याचे काय? कांदा खाल्ला तर पोटात जाईल. खिशात ठेवला तर तो शरीराची उष्णता कमी करू शकत नाही. सुती रुमाल ओला करून डोक्याला व मानेला बांधणे मात्र खरोखर उपयोगी पडते, कारण रुमालातील पाणी घामाचेच काम करते.

उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलू लागतो. गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलो आहोत हे कळत नाही. बरोबर कोणी असेल तर त्याच्या ते लक्षात येईल. एकटे असाल तर? म्हणून त्याआधीच्या खुणा पाठ करून ठेवा : डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे. चौथा निर्णय : यातील एक जरी खूण दिसली, तरी सावलीत बसावयाचे, पाणी प्यावयाचे आणि शेजारच्या माणसाला तोंडाने सांगावयाचे, "काका, मला बरे वाटत नाही." यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या कोणाला उष्माघात झाल्यास त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

घड्याळ, पाटी आणि कागद

काही धोके अगदी साधे असतात. रेल्वेचे घड्याळ २४ तासांचे आहे. तिकिटावर ५ तारीख आणि ००:२० अशी वेळ असेल, तर ती गाडी ४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी सुटते. ५ तारखेच्या रात्री फलाटावर जाणाऱ्याची गाडी जवळजवळ चोवीस तास आधीच निघून गेलेली असते! तसेच बसची पाटी पूर्ण वाचावी. 'जळगाव' वेगळे आणि बुलढाणा जिल्ह्यातील 'जळगाव जामोद' वेगळे.

मोबाईल जवळ असला तरी तो बंद पडू शकतो. घटमाला संपते, कडक उन्हात यंत्र तापते किंवा हरवते. म्हणून घरचा एक क्रमांक पाठ असावा, आणि एका कागदावर दोन दूरध्वनी क्रमांक, गाडीचे नाव, डबा व पोहोचण्याची वेळ लिहून तो खिशात ठेवावा. तसाच दुसरा कागद घरी असावा. ठरलेल्या वेळी तुमचा फोन आला नाही, तर घरच्यांना शोध कोठून सुरू करावयाचा हे कळते.

मदतीचे क्रमांकही लिहून ठेवा : रेल्वेसाठी १३९, कोणत्याही संकटासाठी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८. रेल्वे सुरक्षा दलाने २०२० मध्ये एकट्याने प्रवास करणाऱ्या महिलांसाठी 'मेरी सहेली' हा उपक्रम सुरू केला आहे, हेही मुलींनी लक्षात ठेवावे.

अनोळखी माणसांविषयी काय? बहुतेक सहप्रवासी चांगलेच असतात. मदत मागावयाची झाल्यास ती तुम्ही निवडलेल्या माणसाकडे मागा : गणवेशातील कर्मचारी, एस.टी.चा वाहक, मुलाबाळांसह बसलेले कुटुंब. आपण होऊन फार जवळीक करणाऱ्याला "मी एकटा आहे" असे सांगण्याची गरज नाही. "जळगावला मामा घ्यायला येणार आहेत," एवढे पुरे. कोणी दिलेले खाणे-पिणे नम्रपणे नाकारावे. कोणाच्या वागण्याने अस्वस्थ वाटले, तर जागा बदलावी आणि कर्मचाऱ्याला सांगावे. पाचवा निर्णय : नाही म्हणताना संकोच करावयाचा नाही, आणि मदत मागतानाही नाही.

करून पहा

१. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळा. दोन्ही सावलीत टांगून दहा मिनिटांनी तापमान वाचा. फरक किती आला? दमट दिवशी तो कमी का येतो?

२. गाडीत खिडकीजवळ बसल्यावर, हात आत ठेवून, मार्गाच्या कडेचे किलोमीटरचे खांब पहा. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत किती सेकंद लागले ते मोजा. ३,६०० ला त्या सेकंदांनी भागले, की ताशी वेग किलोमीटरमध्ये मिळतो. त्या वेगाने निघालेली गाडी किती अंतरावर थांबेल, याचे गणित वर दिलेल्या रीतीने करा.

३. तुमच्या गावापासून जवळच्या शहरापर्यंतच्या प्रवासाचे पाच निर्णय स्वतः लिहा. प्रत्येकापुढे 'कारण' असा एक रकाना ठेवा.

शिक्षकांनी हे तिसरे काम सुट्टी लागण्यापूर्वी वर्गात करून घ्यावे. ज्या निर्णयापुढचा रकाना रिकामा राहील, त्यावर वर्गात चर्चा करावी.